दोनदा ‘नको’ म्हणणारा मिलिंद

आमच्या वरच्या मजल्यावरचा मिलिंद घरी आला की चहाला आधी दोनदा नको म्हणायचा. खरं तर चहासाठीच आलेला असायचा. ही म्हणे इराणी रीत. कुणी काही देऊ केलं की दोनदा नाकारायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं. तिला तारुफ म्हणतात. पण हे इराणात. ठाण्याच्या वर्तकनगरात पहिल्या नकोलाच कप आत जायचा. एका दिवाळीला आईने चकल्यांची बशी उचलून नेली, तेव्हाचा त्याचा चेहरा मला अजून दिसतो.

आम्ही दोघं एम.ए.ला, अर्थशास्त्र घेऊन. याने जोडीला फारसी धरलेली. वाळवंटातल्या यझदचे लोक पाणी कसं वाटून घ्यायचे, हा त्याचा ध्यास. तळाला भोक पाडलेली वाटी पाण्यावर सोडायची, ती बुडेपर्यंत एकाची पाळी. नव्वदच्या सुमारास आमच्याकडे सकाळी जेमतेम अर्धा तास पाणी यायचं. पठ्ठ्याने देवातली तांब्याची वाटी भोक पाडून नळावर आणली.

“अहो काकू, तिकडे शेकडो वर्षं असंच चालतं.”

“मग तिकडेच जा ना बाबा,” शेजारच्या काकू म्हणाल्या आणि हंडा पुढे सरकवला.

आणि तिकडे जायची संधी खरंच आली. तेहरानला वर्षभर शिकायचं, खर्च सगळा त्यांचा, जागा एकच. फारसीच्या सरांनी मिलिंदला विचारलं. जागा दुसऱ्यालाच मिळाली.

“मी दोनदा नको म्हणालो, सरांनी तिसऱ्यांदा विचारलंच नाही रे.”

मी त्याला जाम झापला. “अरे गाढवा, सर सोलापूरचे आहेत, शिराझचे नाहीत.”

कॉलनीभर हसं झालं. सगळ्यांत जास्त हसले त्याचे वडील, अण्णा. वागळे इस्टेटमध्ये फिटर होते, पण अर्धांगाने उजवी बाजू गेलेली. घरात हे दोघंच. त्यांची अंघोळ, दाढी, जेवण, सगळं मिलिंद करायचा. येईल त्याला अण्णा अडखळत सांगायचे, “तारुफ करत बसला. गेलं इराण.” आजारपणानंतर ते पहिल्यांदाच असे हसत होते.

काही महिन्यांनी सर मला बाजारात भेटले. मी जरा रागानेच म्हणालो, “सर, त्याला आणखी एकदा विचारायला हवं होतंत.”

“पाच वेळा विचारलं,” सर म्हणाले. “शेवटी म्हटलं, घरी येऊन वडिलांशी बोलतो. तर माझे पाय धरले त्याने. म्हणाला, त्यांच्यामुळे राहिलो हे अण्णांना कळता कामा नये.”

दुसऱ्या दिवशी मी वर गेलो. अण्णा नव्या पोस्टमनला तीच गोष्ट सांगत होते. मिलिंद त्यांच्या हनुवटीवरचा साबण पुसत होता. मलाही हसावं लागलं. अण्णा माझ्याकडेच बघत होते.