तीन दरपत्रकांचा नियम

खरेदी विभागाचा नियम साधा होता: तीन ठिकाणांहून दरपत्रकं मागवून तुलनात्मक तक्ता केल्याखेरीज टाचणीही घ्यायची नाही. तिथल्या एका वरिष्ठ कारकुनांच्या अंगात हा नियम असा काही भिनला होता की सगळे त्यांना तुलनाराव म्हणत. लग्नाच्या वेळीही त्यांनी तीन स्थळं पाहून पहिलंच पसंत केलं होतं, आणि उरलेली दोन कशी होती हे बायकोला अजून ऐकावं लागे.

अशा माणसावर साहेबांचा आदेश येऊन आदळला. विभागाचं काम संगणकावर जाणार. परीक्षेत ज्याला आपल्या हाताने छोटासा प्रोग्रॅम लिहिता येईल तो इथे राहील, बाकीच्यांची रवानगी गावाबाहेरच्या गोदामात. तुलनारावांना धुळीने दम लागे. गोदामाच्या नुसत्या नावानेच बिचाऱ्यांचा घसा खवखवू लागला.

मेहुणा प्रोग्रॅमिंगवरच पोट भरणारा. त्याने एक जुनं पुस्तक पुढे सरकवलं आणि म्हणाला, "भाऊजी, हे घ्या नाहीतर दुसरं कुठलंही घ्या, पण आजच शिकायला बसा."

तुलनाराव दुखावले. "कुठलंही घ्यायला ही काय भाजी आहे?"

"भाजी निदान जेवणापर्यंत शिजते तरी," बायको म्हणाली.

पुस्तक पहिलं दरपत्रक म्हणून दाखल झालं. दुसरं व्हिडिओंचं, तिसरं शिकवणीचं. पुस्तकवाल्याची प्रोग्रॅमिंगची भाषा व्हिडिओवाल्याच्या मते कधीच मेली होती, आणि शिकवणीवाल्याच्या मते व्हिडिओवाल्याची अजून जन्मलीच नव्हती. खरंखोटं ठरवायचं तर प्रोग्रॅमिंग यायला हवं. ते यायला चांगला अभ्यासक्रम हवा. या पेचातून त्यांनी कायदेशीर वाट काढली. अभ्यासक्रम कसा निवडावा, याचेही अभ्यासक्रम असतात; त्यांची तीन दरपत्रकं मागवली.

त्यांचा अभ्यास पाहून अख्खा विभाग सल्ल्याला येऊ लागला. तुलनाराव एकेकाला तळमळीने सांगत, घाई करू नका, चुकीचं शिकलात तर जन्माचं नुकसान. कुणीही घाई केली नाही.

परीक्षेला सगळे कोऱ्या पडद्यासमोर बसले आणि पडदे कोरे ठेवूनच उठले. आता आली का पंचाईत! सगळा विभाग गोदामात धाडला तर साहेबांचा चहा कोण मागवणार? चौकशी झाली, शिकण्याची साधनंच सदोष ठरली. चांगली साधनं सापडेपर्यंत परीक्षा तहकूब, आणि शोधसमितीचे अध्यक्ष तुलनाराव.

घरी आले ते छाती पुढे काढून. बायकोने विचारलं, "मग आता तरी शिकायला बसणार ना?"

"आता कसं शिकणार? एकाकडून शिकलो तर निवड निःपक्ष कशी राहील?"

समितीवर सदस्य नेमणं अजून चालू आहे. वाचकांनीही अर्ज करावा. हातातलं काम बाजूला सारून आपण ही गोष्ट वाचत बसलात, तेवढा अनुभव पुरेसा धरला जाईल.