बखर दुधी गाडीच्या अ‍ॅव्हरेजाची

श्री एकदंत प्रसन्न. विघ्ने वारणारा तो, आणि वाटेत बंद पडलेल्यांस धक्का मारावयास माणसे मिळवोन देणाराही तोच, त्यास दंडवत घालोन सेवके ही हकीकत लिहिली. लिही म्हणोन कोणाची आज्ञा नव्हती. परंतु राज्ये बुडाली त्यांच्या बखरी बहुत, आणि एका घरात एक माणूस उणे जाहले त्याची बखर कोणी लिहीत नाही, याचे वाईट वाटोन लेखणी घेतली. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, घाटाखालील एका राज्यी श्रीमंत रामकृष्णपंत आगवेकर राज्य करीत होते. राज्याचे नाव विचारू नये. चार खोल्या, एक अंगण आणि पत्र्याचे एक गॅरेज एवढाच मुलूख. पंत पाटबंधारे खात्याची चाकरी करोन निवृत्त जाहलेले, मनाचे सरळ, आणि आकड्याचे फार हट्टी.

पदरी फौज म्हणावी तर दुधी रंगाची एक जुनी मोटार. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी पंतांनी ती आणिली आणि तिचे लाड ऐसे चालविले की राणीसाहेब नलिनीबाई तीस सवत म्हणो लागल्या. "सवतीला न्हाऊ घातलंत, आता मला चहा तरी कराल का?" ऐसे त्यांनी ओट्याशी उभे राहोन म्हणावे, आणि पंतांनी मुकाट्याने आधण ठेवावे. गाडीविषयी पंतांचा ध्यास एकच, तो म्हणजे अ‍ॅव्हरेज. दर रविवारी सकाळी स्वारी निघे. प्रथम नाक्यावरील पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरावी, मीटरचे आकडे शून्यावर आणावे, मग घाट चढोन पठारावर जावे. राणीसाहेबांनी शेजारी बसोन आपली जड काळी पर्स मीटरखालील फळीच्या एका मुठीस अडकवावी आणि मांडी मोकळी करावी, आणि पंतांनी एक डोळा रस्त्यावर, एक मीटरवर ठेवोन हाकावे. वरती टपरीवर भजी खावोन परतावे, आणि त्याच पंपावर, त्याच नळीखाली, त्याच उतारावर गाडी लावोन पुन्हा गळ्यापर्यंत भरावी, आणि जितके पेट्रोल आत गेले त्याने किलोमीटरांस भागावे. टाकीत हवा कोंडोन राहिली तर सारे मुसळ केरात, म्हणोन राणीसाहेबांनी खाली उतरोन, पदर खोचोन, मागील बंपर धरोन गाडी गदागदा हलवावी, आणि पंपावरील मंडळींनी "काकू, अजून जरा जोरात!" म्हणोन ओरडावे. मग घरी येवोन पहिल्या घासास पंतांनी आकडा सांगावा, "अकरा." राणीसाहेबांनी वरण वाढीत विचारावे, "आणि पुस्तकात?" पंतांनी खाली मान घालोन म्हणावे, "कंपनीच्या पुस्तकात चौदा." आणि दोघांनी पुढे जेवावे. वर्षानुवर्षे हा संवाद चालिला, त्यात एक अक्षर बदलले नाही.

त्या चौदासाठी पंतांनी मोहिमांवर मोहिमा काढिल्या. पदरी बाबालाल उस्ताद म्हणोन मेस्त्री होते, त्यांकरवी कार्बुरेटर खोलविला, आणि जेट साफ करविले, आणि प्लग बदलिले, आणि चाकांत हवा भरोन पाहिली, आणि काढोन पाहिली. मग पेट्रोलावर संशय धरिला, मग घाटावर संशय धरिला की हा दरवर्षी थोडा उंच होतो. बाबालाल गळ्यास हात लावोन बोलिले, "साहेब, गाडीत काय बी दोष नाही. म्या इंजिन तीनदा खोललं. आता तुमी मला खोला." तेव्हा पंत त्रासोन राणीसाहेबांस म्हणाले, "अगं, तुझ्या वजनानं तर पडत नसेल?" राणीसाहेब उत्तर देत्या जाहल्या, "मग मला टपावर बांधा. वारा तरी लागेल." यावर पंत ऐसे हसले की गाडी कडेस घ्यावी लागली. ते हसणे त्या घरात पुढे बहुत दिवस पुरले.

आणि मग आदल्या वर्षी, थोडक्या दुखण्याचे निमित्त होवोन, नलिनीबाईसाहेब कैलासवासी जाहल्या. राज्य ओस पडिले. कन्या मृणाल परमुलखी नांदत होती, ती येवोन दिवस करोन गेली, आणि पंत एकटे राहिले. महिनाभर गाडीस हात लाविला नाही. मग एका रविवारी, घरात बसवेना म्हणोन, बाहेर काढिली. टाकी भरिली, घाट चढिला, भजी मागविली ती अर्धी टाकिली, परतोन पंपावर स्वतःच बंपर धरोन गाडी हलविली, आणि भागाकार केला तो चौदा आले. पंतांस वाटिले, मन ठिकाणावर नाही, भाग चुकला. पुढील रविवारी पाहिले, चौदा. त्यापुढील रविवारीही चौदा. बाबालालांस आनंद मावेना, "साहेब, कंपनीचा आकडा आला की! पेढे द्या." पंतांनी पेढे दिले नाहीत. घरी येवोन पानावर बसले, पहिला घास हाती घेतला, चौदा हा शब्द ओठांवर आला, आणि ऐकावयास कोणी नाही म्हणोन घास तसाच खाली ठेविला. जन्मभर मागितले ते मिळाले, आणि मिळाले ते ज्याने मागितले त्यास नको जाहले. मग उठोन गॅरेजात गेले आणि बॉनेटवर हात आपटोन बोलिले, "लबाडे, ती गेली म्हणून सुधारलीस होय? इतकी वर्षं तिच्यासमोर माझी मान खाली घालायला लावलीस, आणि आता कुणाला दाखवतेस?" गाडीने सुतक पाळिले नाही, हे पंतांच्या जिव्हारी लागिले. तेव्हापासोन तिचे न्हाणे बंद जाहले, दुधी रंगावर धूळ बसली, आणि पंतांनी निश्चय केला की हीस विकावी, डोळ्यांसमोर नको.

तेव्हा शेजारच्या प्रांतीचे शौकीन सरदार शैलेश बोऱ्हाडे, जुन्या मोटारींचे दर्दी, सौद्यास आले. त्यांची एकच अट. "काका, शोभेची गाडी मला नको. मी रोज चालवणार. चौदा देत असेल तर आजच नेतो, पण डोळ्यांदेखत दाखवा." पंत म्हणाले, "रविवारी या. स्वतः मोजून घ्या." त्याच सुमारास वर्षश्राद्धास मृणाल आली होती. तिने आईचे कपाट उघडिले, आणि साड्यांवर तोंड ठेवोन पुष्कळ रडली, आणि आतील काळी पर्स खांद्यास लावोन बाहेर आली. पर्स कोणी रिकामी केली नव्हती. आत अडकित्ता, बामची बाटली, आणि ज्यांची कुलुपे कधीच मोडली ऐशा किल्ल्यांचा जुडगा. पंतांनी पाहिले आणि न पाहिलेसे केले. रविवारी निघतेवेळी मृणाल म्हणाली, "बाबा, नक्की विकायचीय ना? आई नुसती चिडवायची हो तिला. तिचाही जीव होता हिच्यावर." पंत म्हणाले, "हिचा नव्हता. बैस."

तेव्हा टाकी गळ्यापर्यंत भरिली, आकडे शून्यावर आणिले, बोऱ्हाडे मागील गादीवर विराजमान जाहले, आणि मृणाल पंतांचे शेजारी बसली, आणि पर्स मांडीस जड होते म्हणोन समोरच्या मुठीस अडकविली. पहिला खड्डा लागिला, दुसरा लागिला, आणि घाटाचे पायथ्याशी इंजिनाचा आवाज बदलिला, जाड जाहला, घोगरा जाहला, आणि आत पेट्रोलाचा उग्र वास दरवळला. हा वास पंतांस ठाऊक होता. सारे संसाराचे रविवार या वासाचे होते, आणि तो वर्षभर आला नव्हता हे त्यांस आज कळिले. त्यांनी डोळे रस्त्यावरोन काढिले नाहीत, कारण शेजारी पाहिले तर मृणालच असेल, आणि घाट संपेतो ती कोण हे त्यांस ठरवावयाचे नव्हते. टपरीवर भजी मागविली ती सारी खाल्ली.

परतोन पंपावर थांबिले. मृणाल गाडी हलवावयास उतरो लागली, तिने पर्स काढिली, आणि खण लावावा तसे अंगठ्याने ती मूठ आत लोटिली. अगदी आईची रीत. तेव्हा पंतांस उमगले. ती मूठ चोकाची. थंडीत इंजिन जागे करावयास ती बाहेर ओढितात, आणि चालता ती बाहेर राहिली तर पेट्रोल उगाच जास्त जळते. पर्सच्या भाराने ती खड्ड्याखड्ड्यास बाहेर येई, आणि राणीसाहेब नेटक्या, त्या उतरतेवेळी लोटोन ठेवीत. म्हणोन पंतांनी वा बाबालालांनी जेव्हा जेव्हा पाहिले तेव्हा तेव्हा ती आतच दिसली. गाडी निर्दोष, घाट निर्दोष, बाबालाल निर्दोष. अकरा हा गाडीचा आकडा नव्हताच. तो नलिनीबाईंचा आकडा होता. मागे मृणाल बंपर धरोन गाडी हलवीत होती, पंपावरील कोणी जुना माणूस "ताई, अजून जरा जोरात!" म्हणोन ओरडला, आणि पंत सुकाणूवर कपाळ टेकोन रडले. बोऱ्हाडे यांनी फोनवर भागाकार केला आणि चेहरा पाडोन म्हणाले, "काका, हे तर अकराच आलं." पंत म्हणाले, "अकराच यायचं." "पण तुम्ही चौदा म्हणाला होता." "मधे वर्षभर चुकत होतं." बोऱ्हाडे बोलिले, "मग नाही जमणार, काका. कुठेतरी दोष आहे." पंतांनी डोळे पुसोन म्हटले, "आहे. फार जुना आहे. तो काढायचा नाही." बोऱ्हाडे नमस्कार करोन स्वमुलखी परतले. मृणाल काही समजेना म्हणोन पाहात राहिली, तेव्हा पंतांनी तिचे खांद्यावरील पर्स मागोन घेतली आणि स्वहस्ते त्या मुठीस अडकविली, आणि वाटेत तीस सारे सांगितले, आणि बापलेक घरापर्यंत हसत आणि रडत आली. त्याच दुपारी गाडीस न्हाऊ घातिले.

तात्पर्य काय, की श्रीमंतांचा एका लिटरामागे तीन किलोमीटरांचा मुलूख कायमचा बुडाला, आणि तो त्यांनी खुशीने बुडविला. मृणाल परमुलखी गेली. बाबालाल "परत पडलं की, साहेब, खोलू का?" म्हणोन विचारितात, आणि पंत "हात लावू नका" म्हणोन सांगतात. दर रविवारी स्वारी घाट चढते, पर्स मुठीस असते. घरी येवोन पंत पानावर बसतात, पहिल्या घासास समोर पाहोन "अकरा" म्हणतात, आणि क्षणभर घास तसाच धरोन थांबतात. पुस्तकातले कोणी विचारीत नाही. मग जेवतात. वर्तमान जाहले ते सेवके लिहिले, वाचणाराने उणेअधिक माफ करावे.