सबनीसताईंचं सातवं झाड

सबनीसताईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्या लॉनवर पालथ्या पडल्या होत्या. गुरुग्राममधल्या आमच्या सोसायटीच्या गेटपाशी खजुराच्या बारा झाडांची रांग आहे. त्यातल्या सातव्या झाडाच्या बुडाशी गाल टेकवून, टॉर्च रोखून, साठी उलटलेली ही बाई निश्चल. गार्ड धावत आला, "मॅडमजी गिर गईं!"

"गिरी नहीं हूँ," गवतातून आवाज आला. "देख रही हूँ."

मी फोनवर मराठीत बोलत होते, ते त्यांनी ऐकलं असावं. मान वळवून म्हणाल्या, "मराठी ना? ये, आडवी हो. दाखवते."

"काकू, माझी कॅब आलीये..."

"काकू नाही. मी कुठल्याही काकाची बायको नाही. ताई म्हण."

मानेसरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात ताईंनी तीस वर्षं क्वालिटीत काढली होती. त्यांचं एकच म्हणणं, "वरून सगळंच पास असतं गं. खालून बघायचं." वांगी, माझे नवे सँडल, लिफ्टचं दार, सगळं त्या खालून बघत. रिटायर झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, म्हणून त्यांनी सोसायटीची बाग हातात घेतली.

सातवं झाड विजोड आहे हे मलाही दिसायचं. बाकीची अकरा करडी-निळसर आणि ताठ. हे हिरवंगार, झिपरं. सेक्रेटरी चड्ढाजींना ते खुपायचं. "पूरी लाइन खराब करता है." बागेच्या ठेकेदारानं निकाल दिला, की हे खजूर नव्हेच, जंगली शिंदी आहे, चुकून आलीये, उपटून टाकू. रविवारी मीटिंग, सोमवारी मशीन.

शनिवारी सकाळी झाडावर लाल कार्ड लटकलं: 'होल्ड'. कारखान्यात हे कार्ड लागलेल्या मालाला कुणी हात लावायचा नसतो म्हणे. इथं गार्डही वळसा घालून जायला लागले.

त्या दिवशी मी खरंच आडवी झाले.

"शिंदीला बुडाशी पिल्लं फुटत नाहीत," ताई कुजबुजल्या. "खजुराला फुटतात. या झाडाचा डोक्यावरचा पसारा शिंदीचा. आणि बुडाशी हे बघ!" बुंध्याला चिकटून वीतभर कोवळा कोंब होता. "माळी दर वेळी छाटतो, म्हणून आजवर कुणाला दिसला नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे आई एका जातीची, बाप दुसऱ्या जातीचा. संकर असावा. 'असावा' म्हणतेय हं. 'आहे' म्हणणार नाही."

रविवारी ताईंनी सगळ्या मीटिंगलाच झाडापाशी बोलावलं. सोबत दिल्लीहून आलेल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. ताईंनी त्यांना फोटो आणि मापं मेल केली होती. ठेकेदार हसला, "मॅडम, पेड़ है, पुर्ज़ा थोड़ी है."

प्राध्यापिकांनी झावळ्या पाहिल्या, काटे मोजले, हिरवी फळं चिरली. मग चष्मा सावरला आणि साडीनिशी ताईंच्या शेजारी पालथ्या पडल्या. दोघींची बराच वेळ खालीच चर्चा चालली. चड्ढाजींना राहवेना. ढेरी सांभाळत तेही झोपले. कमिटीचे आणखी दोघं झोपले. उभे फक्त ठेकेदार आणि गार्ड.

प्राध्यापिका उठल्या. "पक्कं लॅबमध्येच कळेल. पण संकर असण्याची शक्यता फार मोठी आहे. हे झाड काढू नका," असं त्यांनी हिंदीत सगळ्यांना सांगितलं.

"बिल्कुल नहीं काटेंगे!" गवत झटकत चड्ढाजी ओरडले. "ऐसा पेड़ किसी और सोसायटी में है क्या?" टाळ्या पडल्या. ताईंनी कार्ड शांतपणे काढलं, पर्समध्ये टाकलं आणि ठेकेदाराला म्हणाल्या, "भैया, अब इसका पिल्ला मत काटना." तो चक्क "जी मॅडम" म्हणाला.

जुलैत घोस पिकला. फळं शिंदीहून मोठी, खजुराहून लहान, किंचित तुरट. ताई स्टीलच्या डब्यात ती घेऊन आमच्या टॉवरमध्ये घरोघरी निघाल्या. प्रत्येक घरी चार. माझ्याकडे पोचल्या तेव्हा संध्याकाळ झाली होती.

"चहा टाकू?"

"टाक. सकाळपासून नऊ झाले." त्या सोफ्यावर अगदी मागे टेकून बसल्या. "पहाटे कंपनीची बस, रात्री घर. बारा वर्षं राहतेय इथे. माझ्या वरच्या मजल्यावर जुळ्या मुली आहेत, तुला ठाऊक होतं? मला आज कळलं. त्यांनी मला चित्रं दाखवली."

त्यांनी चहा सावकाश संपवला. डब्यात अजून बरीच फळं दिसत होती. मी म्हटलं, "ताई, दमलात. उरलेल्या घरी मी पोचवते."

त्यांनी झटकन डबा मांडीवर ओढला.

"नको," त्या म्हणाल्या. "सगळ्यात वरचे दोन मजले मी मुद्दाम उद्याला ठेवलेत."