डोमाभाऊ एकटे राहून दाखवतात

आमच्या गल्लीत दिवसातून कितीतरी वेळा "लाईन बंद!" अशी आरोळी उठते. नवा माणूस दचकतो आणि पंख्याकडे बघतो. पंखा मजेत फिरत असतो, वीज कुठेही गेलेली नसते. शेजारचे डोमाभाऊ खुर्चीतून उठत असतात, एवढंच.

"लाईन बंद" म्हणजे घरात जो असेल त्याने असेल तिथे थांबायचं. मध्ये यायचं नाही, हात द्यायचा नाही, आणि "सावकाश हो भाऊ" असं तर मुळीच म्हणायचं नाही. मग डोमाभाऊ वॉकरच्या दांड्या आवळून धरतात, ओठ दाबतात, डावा पाय मागे घेतात, उजवा जपून पुढे ठेवतात आणि उभे राहतात. तोल नीट सावरला याची खात्री झाली की म्हणतात, "हां, करा चालू!" मग आपण रोखलेला श्वास सोडायचा.

डोमाजी दुर्गे वीज खात्यात लाईनमन होते. आमच्या चामोर्शीपासून जंगलात आत जाणाऱ्या लाईनीवर त्यांची सगळी नोकरी गेली. ते खांबावर असताना खाली अस्वल येऊन बसलं होतं, ही गोष्ट गल्लीत सगळ्यांना पाठ आहे. "मोहफुलं खाऊन आलं होतं ना बा ते! तथीच खांबाखाली झोपलं. आता अस्वलाले कोण उठवन? बसलो मंग मीबी वर, खांबाले धरून." दरवेळी अस्वल थोडं मोठं होतं. खांबही.

तर असा हा खांबावरून कधी न पडलेला माणूस पडला तो स्वतःच्या स्वयंपाकघरात, प्लास्टिकच्या स्टुलावरून. त्यांच्या पत्नी सुमनबाई त्यांच्यापेक्षा चांगल्या वीतभर उंच होत्या आणि घरातल्या फळ्या सुमनबाईंच्या उंचीने लागलेल्या होत्या. बाई जाऊन काही वर्षं झाली तरी भाऊंनी एक डबा जागचा हलवला नव्हता. एका सकाळी त्यांना जवसाची चटणी खावीशी वाटली. जवसाचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर. स्टूल घेतलं, टाचा उंचावल्या, आणि खुब्याचं हाड मोडलं.

चंद्रपूरला ऑपरेशन झालं. मी बघायला गेले तेव्हा पलंगावर पडल्या पडल्या मलाच धीर देत म्हणाले, "काई नाई, मास्तरीनबाई. फिटिंग बदललं. जुनं कंपनीचं होतं, हे बाजारातलं हाय. डॉक्टर म्हणते, आत्ताच फुल लोड देऊ नका." मी शाळेत शिकवते, म्हणून त्यांच्यासाठी मी मास्तरीनबाई.

त्यांना करुणा ही एकच मुलगी, वरोऱ्याला दिलेली. ती रजा काढून आली, बापाला घरी आणलं, चालायला लावलं. रजा संपत आली तशी एका दुपारी माझ्यासमोरच तिने विषय काढला.

"बाबा, आता तुम्ही माझ्याकडे चला."

"काऊन? इथी काय सप्लाय तुटला का माह्या?"

"एकटे कसे राह्यसाल?"

"खांबावर राहत होतो तसा."

"खांबावर स्वयंपाक करा लागत नव्हता, बाबा."

यावर भाऊंनी खिडकीबाहेर पाहिलं. मुलगी बापाचीच, तिनेही माघार घेतली नाही. शेवटी दोघांत करार झाला. काही महिन्यांनी शिवारातलं धान निघालं की करुणा परत येईल. तोवर बाबांनी एकट्याने घर चालवायचं. ती येईल त्या दिवशी तिच्यासमोर भात-वरण-भाजी करायची, वाढायची आणि भांडीही घासायची. जमलं तर चामोर्शी, नाही जमलं तर वरोरा.

"अन् मास्तरीनबाई," भाऊ मला म्हणाले, "भाजी आणून दिली तं शेजारधर्म. भात आणून दिला तं परीक्षेतली नकल. ध्यानात ठेवजा."

त्या दिवशी करुणा आणि मी मिळून फळ्या रिकाम्या केल्या. डोमाभाऊ खुर्चीत बसून हुकूम सोडत होते. नियम एकच होता: पोटाच्या वर, खांद्याच्या खाली. या पट्ट्याबाहेर घरात काहीही राहायचं नाही. डबे ओट्यावर आले, चपला स्टुलावर गेल्या. बुद्धाची तसबीर भिंतीवर होती तिथेच राहिली. "त्याहिले उतरवाचं काम नाई, त्याहिच्यापुढं उभा राह्यलो तं मान आपोआप वर होते, तेवढाच व्यायाम." दोरीवर कपडे वाळत घालायला वॉकर सोडून हात वर करता येत नव्हता, म्हणून दोरीला कप्पी बसवून घेतली. खुर्चीत बसून कपडे टाकायचे आणि झेंडा चढवावा तशी दोरी ओढायची. भाऊंचा पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा वर चढताना बघून समोरची पोरं खरोखरच सावधान उभी राहायची.

करुणा गेली आणि खरी मजा सुरू झाली.

पहिली अडचण आली ती चहाची. चहा करता येत होता, पण नेता येत नव्हता. दोन्ही हात वॉकरला, कप कशात धरणार? भाऊंनी वॉकरला किटली टांगली. खोलीच्या मधोमध पोचेपर्यंत निम्मा चहा फरशीवर आणि उरलेला लेंग्यावर. मग त्यांनी नियमच फिरवला. चहा माणसाकडे जाणार नाही, माणूस चहाकडे येईल. तेव्हापासून त्यांच्याकडे येणारा पाहुणा, मग तो नगरपंचायतीचा सदस्य का असेना, सरळ स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा राहतो आणि तिथेच चहा पितो.

दुसरी अडचण होती फरशीची. डॉक्टरांनी वाकायचं नाही, मांडी घालायची नाही, खाली बसायचं नाही असं बजावलेलं. आणि वस्तूंना तर खाली पडण्याची हौस असते. चमचा पडे, साबण पडे, कांदा घरंगळत पलंगाखाली जाई. भाऊंनी जुन्या स्पीकरमधलं चुंबक काढून काठीला बांधलं. चमचे टकाटक उचलले जाऊ लागले. मला प्रात्यक्षिक दाखवताना इतके खूश होते! मी विचारलं, "आणि लसणाची कुडी?"

"तेच तं! लसूण लोखंडाचा नाई ना."

म्हणून मग खाली पडलेलं आलेल्याने उचलायचं, असं ठरलं. दारातून आत शिरताच भाऊ बसल्या जागेवरून दिशा सांगत. "थोडं डाव्या बाजूनं या... हां, तो बटाटा. आता मागं पाहा, रिमोट हाय." मी शाळेतून येताना डोकावले की बाजार करून निघाल्यासारखी माझी ओंजळ भरत असे.

एक दिवस मात्र आरोळी ऐकू आली नाही. दुपार टळली तरी नाही. मी जाऊन दार ढकललं. डोमाभाऊ स्वयंपाकघरात भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून चक्क जमिनीवर बसलेले. वॉकर हाताच्या अंतरापलीकडे आडवा पडलेला. मांडीवर सूप आणि सुपात तांदूळ.

"काय झालं, भाऊ?"

"काई नाई. बसलो जरा. खडे निवडून राह्यलो."

त्या तांदळात एक खडा नव्हता. कधीपासून निवडत होते कोण जाणे. कपाळावरचा घाम सुकून त्याच्या पांढऱ्या रेषा उमटल्या होत्या. निंबू पडलं होतं, ते उचलायला ओट्याला धरून खाली सरकले आणि मग वर येता येईना. हाक मारायची तर गल्लीभर बातमी होणार आणि गल्लीची बातमी वरोऱ्याला जाणार. त्यापेक्षा शेजारच्या स्टुलावरचं तांदळाचं सूप त्यांनी ओढून घेतलं होतं.

मी आणि समोरच्या वहिनी दोघींनी मिळून त्यांना उठवलं. दुखतंय का म्हणून विचारलं, डॉक्टरांना फोनवर सगळं सांगितलं, त्यांनी पाय हलवून बघायला लावला. फिटिंग शाबूत होतं. खुर्चीत बसल्यावर भाऊ माझ्याकडे न बघता म्हणाले, "करुणाले सांगू नका."

"आणि पुन्हा असं झालं तर?"

"तं मी बोंबलन. तुम्हाले बोंबलन. पण तिले सांगू नका."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गळ्यात माझ्या शाळेची जुनी शिट्टी घातली. एवढं त्यांनी माझं ऐकलं.

परीक्षेच्या आधीचा आठवडा तयारीत गेला. ओट्यापासून जेवणाच्या टेबलापर्यंत गरम भांडं न्यायचं कसं, हा मोठा प्रश्न होता. आमच्या शाळेतल्या मोडक्या बाकाची फळी मी मागून आणली. भाऊंनी ती ओट्यावरून टेबलावर टाकली, तिला मेण चोळलं, आणि रिकामं पातेलं त्यावरून सरकवत बसले. पातेलं पुढे, वॉकर मागे. "केबल टाकली, केबल!"

करुणा सकाळच्या गाडीने आली. भाऊंनी मला परीक्षक नंबर दोन म्हणून बोलावलं. ती माझ्यापुढे दारात उभी राहिली, दोन्ही हात पाठीमागे. ते हात पाठीमागे सारखे चुळबुळत होते, ते फक्त मला दिसत होतं. भाऊंनी भात लावला, वांगी चिरली, वरणाला फोडणी दिली. आणि मग केबलवरून वरणाचं पातेलं निघालं.

फळी टेबलाला टेकते तिथे ते अडलं. भाऊंनी जरा जोर दिला, तसं ते कललं. वॉकर सोडून भाऊंनी दोन्ही हातांनी पातेलं धरलं. वॉकर नाही, काठी नाही, हातात उकळतं वरण. करुणा झेपावली.

"लाईन बंद!"

पोरगी जागच्या जागी थिजली. भाऊ तसेच उभे, दोन्ही पायांवर, फुल लोड. पातेलं सरळ केलं, टेबलावर टेकवलं आणि मगच वॉकरला हात घातला. त्यांचा चेहरा मोठ्या परीक्षेत पहिला आलेल्या मुलासारखा झाला होता.

जेवताना करुणा म्हणाली, "मीठ जास्त झालं, बाबा."

"मिठाचा पेपर नव्हता."

ती हसली, मग पदराने डोळे पुसले. भाऊंनी उंच स्टुलावर बसून भांडी घासली, एकेक निथळत ठेवलं. सगळी झाल्यावर करुणाने शेवटची वाटी उजेडात धरून पाहिली आणि म्हणाली, "बरं, बाबा. राहा." दुपारच्या गाडीने ती परत गेली.

संध्याकाळी मी अभिनंदन करायला गेले. म्हटलं, आज भाऊ अस्वलाची गोष्ट नव्याने सांगतील. पण घरात टीव्हीसुद्धा लागलेला नव्हता. भाऊ खुर्चीत बसले होते.

"जिंकलात, भाऊ!"

"हो ना." मग पलंगाकडे बघत म्हणाले, "मास्तरीनबाई, पलंगाच्या पल्याडची बॅग जरा वर घेता का? तेवढे कपडे कपाटात लावून द्या. मले खालून उचलता नाई येत."

मी बॅग उचलली. जड होती. उघडली तर दोन लेंगे, इस्त्रीचे सदरे, स्वेटर, औषधांचा डबा, सुमनबाईंचा फोटो टॉवेलात गुंडाळलेला.

"तुम्हाला जायचं होतं, भाऊ?"

त्यांनी गळ्यातली शिट्टी चाचपली.

"करुणाची सासू अंथरुणाले खिळली हाय. दोन खोल्या हायेत त्याहिच्या. पोरगी फोनवर माह्याशी बोलते, तं मांगून म्हातारी हाक मारते, मंग ती पयते, मंग पुन्हा येते. तिनं कधी सांगितलं नाई मले. मले आयकू येते ना. अजून एक म्हातारं माणूस तिच्या गळ्यात कायले टाकू? बाप हट्टी हाय असं वाटू दे तिले. हट्टी बापाची काळजी कमी लागते."

"मग बॅग कशाला भरली?"

"काल भरली." त्यांनी लेंग्यावरची न दिसणारी धूळ झटकली. "ती अजून एक डाव म्हणाली असती ना, का बाबा, परीक्षा-बिरीक्षा राहू द्या, चला, तं मी नाई म्हणू शकलो नसतो. मले माह्यावर भरोसा नव्हता."

तेवढ्यात फोन वाजला. भाऊंनी घसा खाकरला आणि आवाज एकदम चढवला. "पोचली का? हां, मी मस्त हाय! बिलकुल मस्त! मास्तरीनबाई आल्या हायेत, इथी हसून राह्यलो आमी! सासूबाई जेवल्या का? जा, तू जा, आवाज देऊन राह्यल्या त्या. जा." पलीकडून फोन बंद झाला तरी त्यांनी तो थोडा वेळ कानालाच धरून ठेवला.

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "घाई नसन तं बसजा थोडं."

इतक्या महिन्यांत त्यांनी मला कधी बसा म्हटलं नव्हतं. मी पलंगावर बसले. कपडे मोजकेच होते आणि इस्त्रीचे होते, त्यांच्या घड्या मुळीच मोडलेल्या नव्हत्या. तरी मी एकेक सदरा उलगडत होते आणि पुन्हा घडी घालत होते.