अण्णांच्या दाराखालची फट

“आता या दारातून मुंगीलासुद्धा परवानगी घेऊन आत जावं लागेल!” हातातली कात्री खाली ठेवत पट्टीसाहेबांनी जाहीर केलं.

ऐकायला फक्त बायको होती, आणि ती कपड्यांच्या घड्या घालत होती. “परवानगी कुणाकडे मागायची, तेही दारावर लिहून ठेवा,” ती म्हणाली.

पट्टीसाहेब हे नाव त्यांना कारखान्यानं दिलेलं. तिथे प्लास्टिकचे दाणे वितळवून, साच्यातून दाबून, टूथपेस्टसारख्या लांबच लांब पट्ट्या काढत. फ्रीजच्या दाराची मऊ किनार, टेबलाच्या कडेची पट्टी, भिंतीवरच्या वायरी झाकणारी पन्हळ, बाथरूमच्या काचेखालची ती लवचीक जीभ. माणसाच्या रोज हाताला लागतात आणि जन्मात नजरेला पडत नाहीत, अशा वस्तू! साहेबांना मात्र दुसरं काही दिसतच नसे. ऑपरेशन झालेल्या मेव्हण्याला बघायला ते हॉस्पिटलात गेले, तेव्हा भिंतीच्या कोपऱ्यावरच्या पट्टीवरून बोट फिरवत म्हणाले, “हे काही टिकत नाही. आठ दिवसांत उकलणार!” मेव्हण्याचे टाके आदल्याच दिवशी घातलेले होते.

अशा माणसाच्या घरात वडील राहायला आले आणि दोन महिन्यांत म्हणाले, “मला इथे झोप लागत नाही.”

अण्णा एक्क्याऐंशीचे. तक्रार करणारा माणूस नव्हे. म्हणून तर ते वाक्य साहेबांना लागलं. त्यातून अण्णांनी ते फोनवर ताईलाही सांगितलं होतं. ताई, म्हणजे साहेबांची थोरली बहीण, तिचं उत्तर तयारच होतं: “रविवारी न्यायला येते. तुझ्याच्यानं नाही व्हायचं ते.”

साहेबांच्या मनातून अण्णांनी जाऊ नये असं फार होतं. पण बापाला “राहा” म्हणून सांगायचं कसं, हे काही कारखान्यात शिकवत नाहीत. तिथे फट बंद करायला शिकवतात. झोप लागत नाही म्हणजे आवाज येत असणार. आवाज येतो म्हणजे फट असणार. निदान झालं!

रविवारी सकाळी अण्णा फिरायला गेलेले असताना साहेबांनी चौकटीच्या तिन्ही बाजूंना आतून पोकळ, फुगीर पट्टी चिकटवली. साधी नव्हे, शीतगृहाच्या दारांसाठी काढलेली! खाली दुहेरी ओठांची पट्टी. मग कारखान्यातली कागदाची परीक्षा झाली. दारात कागदाची चिठ्ठी धरायची, दार लावायचं, चिठ्ठी ओढायची. सुळकन निघाली तर माल नापास. साहेबांनी ओढली, तर चिठ्ठी फाटली! तुकडा हातात धरून ते असे उभे राहिले, जसं काही सर्टिफिकेटच मिळालंय.

अण्णा परत आले, आपल्या खोलीत गेले. दार लागेना, म्हणून साहेबांनीच बाहेरून मूठ धरून जोर लावून ओढून घेतलं. कडीचा खट्ट आवाज झाला आणि पलीकडे सगळं शांत झालं.

तासाभरानं ताई आली. “अण्णा कुठायत?”

“आत. झोपले असतील,” साहेब म्हणाले, जणू झोपही त्यांनीच चिकटवली होती.

ताईनं दाराची मूठ फिरवली. फिरेना. साहेबांनी फिरवली. फिरेना. दोघांनी मिळून दार आत ढकललं. ते भिंतीसारखं उभं!

“अण्णा! ओ अण्णा!” ताईनं दाराशी तोंड नेऊन हाका मारल्या. उत्तर नाही.

“अरे, ते बोलत का नाहीत?”

“आवाज जात नाही गं. शीतगृहाची पट्टी आहे.”

“माझे वडील भाजी आहेत का?” ताईनं पर्समधून कागद काढला, मोठ्या अक्षरांत ‘आतून ओढा’ लिहिलं आणि दाराखालून सरकवायला वाकली. कागद दुमडला, चुरगळला, पण आत जाईना.

साहेबांच्या तोंडून निघून गेलं, “बघितलंस? कागद जात नाही!”

ताईनं ज्या नजरेनं वर पाहिलं, तिच्यावर कुठलीही पट्टी टिकली नसती.

मग मात्र साहेबांना घाम फुटला. अठ्ठावीस वर्षं त्यांनी दार नीट बंद होतं का, एवढंच तपासलं होतं. ते उघडतं का, हे दुसऱ्या खात्याचं काम होतं. पलीकडे एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस आणि मध्ये आपली गुणवत्ता! त्यांनी पुन्हा खांदा लावला.

“अहो, ढकलताय काय?” स्वयंपाकघरातून आलेली बायको म्हणाली. “पट्टीच त्याला आत ढकलतेय, म्हणून कडी अडकलीय. आपल्याकडे ओढून मूठ फिरवा की! डब्याचं झाकण नाही का आधी दाबून मग उघडत?”

साहेबांनी ओढलं, फिरवलं. दार उघडलं.

अण्णा दाराच्या अगदी कडेला ठेवलेल्या खुर्चीत बसले होते. हातातलं वर्तमानपत्र उलटं होतं.

“आहात होय घरात?” ते म्हणाले. “तीनदा हाक मारली. कुणी ओ देईना. वाटलं, सांगितल्याशिवाय गेलात सगळे.”

खुर्ची दाराशी का, हे साहेबांनी विचारलं.

“इथूनच ऐकू येतं,” अण्णा जरा ओशाळून म्हणाले. “तुमचं भांडण. तिकडच्या घरी एकटाच होतो रे, भांडायला भिंतीसुद्धा तयार नव्हत्या. इथे आलो आणि करमायला लागलं. पण तुम्ही अर्ध्यावरच उठून गॅलरीत जाता! परवा तू म्हणालास, पडदे मी निवडले नाहीत. सूनबाई म्हणाली, मग कुणी निवडले? आणि गेलात की बाहेर! सांग, झोप कशी लागणार माणसाला?”

“तुम्हाला त्रास नको, म्हणून जात होतो,” साहेब पुटपुटले.

“बरं, पडदे निवडले कुणी?”

“यांनीच,” बायको म्हणाली.

“वाटलंच मला,” अण्णा म्हणाले आणि डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखे मागे टेकले. ताई जेवून एकटीच परत गेली.

साहेबांनी त्याच दिवशी सगळ्या पट्ट्या उपटल्या. पुन्हा परीक्षा घेतली. दाराखालून अख्खं वर्तमानपत्र गेलं. आयुष्यात पहिल्यांदाच नापास मालावर त्यांनी समाधानानं मान हलवली.

अडचण पुढेच होती. आता तोंड उघडलं की दाराखालच्या उजेडात खुर्चीच्या पायांची सावली दिसे. “तुम्ही ना...” म्हणून बायको सुरू करी आणि “...चहा घेणार का?” यावर संपवी. “थँक्यू,” साहेब म्हणत. घरात भयंकर सभ्यता माजली.

आठव्या दिवशी अण्णांनी दारातून डोकं बाहेर काढलं. “काय रे, ती पट्टी परत बसवलीस का? काहीच ऐकू येत नाही,” ते पडलेल्या चेहऱ्यानं म्हणाले आणि आत गेले.

साहेबांनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं खिडकीकडे.

“पडदे,” ती चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, “अजूनही भिकार दिसतात!”

साहेबांनी घसा साफ केला. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला.