चौथी बरणी कुरकुरीत कशी?

"माझी ओळख करून देण्याची गरज नाही," असं म्हणून गुप्तहेर दाजी पाऊण तास स्वतःची ओळख करून देत. डोळे गरुडाचे, कान सशाचे, नाक मुंगीचं आणि मेंदू... इथे ते थांबत, कारण त्यांच्या मेंदूच्या तोडीचा प्राणी अजून जन्माला यायचा होता. मेहुण्याचं मत वेगळं होतं, पण मेहुणा पडला सहायक. "दुसरं काही मिळेपर्यंत यांच्याबरोबर राहा," असं ताईने सांगितलं होतं, आणि तेव्हापासून तो दाजींची छत्री, भिंग आणि चुका सांभाळत होता.

दाजींच्या कोटाच्या एकाच खिशात घामाने ओला रुमाल आणि सुटी बिस्किटं सुखाने नांदत. त्यामुळे दाजींचं बिस्किट मोडत नसे, वाकत असे. आल्यागेल्याला ते ती आग्रहाने देत, आणि मंडळी ती हळूच कुंडीत पुरत.

त्या दिवशी समोरच्या कार्यालयातून संपादकबाई तणतणत आल्या. त्यांचं मासिक ग्राहकांसाठी निघे. कुठला साबण जास्त फेसाळतो, कुठली छत्री आधी उलटते, असल्या चाचण्या त्यात छापून येत. या महिन्यात गोठवून सुकवलेल्या स्ट्रॉबेरींची पाळी होती. फळ आधी गोठवतात, मग त्यातलं पाणी काढून घेतात, म्हणून ते दाताखाली कुरकुरतं. चार कंपन्यांची पाकिटं फोडून माल चार बिननावाच्या बरण्यांत भरला होता, म्हणजे चाखणाऱ्याला कंपनी कळू नये.

"आणि आज बघते तर तीन बरण्या सादळलेल्या!" बाई कडाडल्या. "चामडं चघळावं तशी फळं! चौथी तेवढी कुरकुरीत. झाकणं नीट लावली नसणार आमच्या परीक्षकबाईंनी. एवढंसुद्धा जमत नसेल, तर तिने उद्यापासून येऊच नये."

परीक्षक त्यांच्या मागेच उभी होती. तरुण मुलगी, पहिलीच नोकरी. "बाई, आईशप्पथ, झाकणं मी घट्ट लावली होती," ती म्हणाली. मेहुण्याला तिची फार कीव आली. आपण न केलेल्या चुकीची बोलणी खाणं म्हणजे काय, हे त्याला कोणी समजावून सांगायला नको होतं.

"चला!" दाजी उठले. "परवाच मी तुमच्या चाचणीच्या खोलीची सुरक्षा तपासून आलोय. अगदी कडेकोट होती."

"तुम्हाला कोणी तपासायला सांगितलं होतं?"

"अंतःप्रेरणेने."

खोलीत एक लांब टेबल, वजनकाटा आणि त्या चार बरण्या. तीन ऐसपैस तोंडाच्या, चौथी जरा अरुंद, कारण एकसारख्या मिळाल्या नव्हत्या.

"नावं काढून टाकलेले चार इसम," दाजी पुटपुटले. "ओळख लपवतायत. कोणीही त्यांना हात लावायचा नाही. पुरावा आहे."

"पण मला फक्त तळाशी एकदा बघू द्या ना," परीक्षक म्हणाली. "तळाशी मी..."

"तळाशी जाणं हे माझं काम आहे!"

मग तपासाला रंग चढला. पहिला संशय चौथ्या कंपनीवर. तिचा हेर अजून कपाटातच दबा धरून बसलाय असं सांगून दाजींनी कपाट खाडकन उघडलं. आतून झाडू निघाला आणि त्यांच्या कपाळावर आदळला.

"हल्लेखोर अंगाने सडपातळ आहे," दाजी कपाळ चोळत म्हणाले. "लिहून घे."

"झाडू आहे, दाजी."

"वेषांतर चांगलं केलंय."

दुसरा संशय परीक्षकेवर. "मुली, तुझा प्रेमभंग झालाय का? रडतेस, आसवं बरणीत पडतात, फळं सादळतात. सरळ आहे."

"मी अजून रडले नाहीये," परीक्षक म्हणाली, "पण आता रडेन."

"मग चौथी बरणी कोरडी कशी?" बाईंनी विचारलं.

"चौथ्या खेपेला नुसता हुंदका आला."

तिसरा संशय खुद्द पाण्यावर. फळातून हाकलून दिलेलं पाणी आपल्या घरी परत आलंय, असं दाजींचं म्हणणं पडलं. शेवटी त्यांनी डोळे मिटून गुन्हेगाराचं वर्णन केलं. "असामान्य बुद्धी. रुबाबदार. सराईत हात. खोलीत शिरला तरी कोणाला संशय येत नाही. असा माणूस आजवर फक्त..."

"पुरे," बाई म्हणाल्या. "झाकणंच उघडी राहिली. विषय संपला."

परीक्षकेने खुंटीवरचा ॲप्रन काढला, घडी केली आणि पिशवीत ठेवला. ती आता खरोखरच रडत होती. दाजींना कसंतरीच झालं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी खिशातून बिस्किट काढून तिच्या हातावर ठेवलं. तिने मान राखायला म्हणून एक तुकडा तोडला.

कटकन आवाज आला.

मेहुणा दचकला. त्याने दाजींच्या खिशात हात घातला आणि दुसरं बिस्किट काढून चावून पाहिलं. कुरकुरीत! रुमाल चाचपला. तोही खडखडीत कोरडा.

"दाजी, खिसा रिकामा करा."

"गुप्तहेराचा खिसा म्हणजे..."

"ताईला बोलावू?"

दाजींनी खिसा उलटा केला. बिस्किटांच्या चुऱ्यातून तीन छोट्या पांढऱ्या पुड्या टेबलावर पडल्या. प्रत्येकीवर छापलं होतं, 'खाऊ नका'.

"माझ्या पुड्या!" परीक्षक ओरडली. "चाखायला झाकण उघडलं की शिरणारा ओलावा शोषून घेणाऱ्या! प्रत्येक बरणीच्या तळाशी घातल्या होत्या. मघापासून तेच तर बघू द्या म्हणतेय!"

"खाण्याच्या बरणीत 'खाऊ नका'!" दाजी ताठ झाले. "विष नाही तर दुसरं काय? परवा मी शिताफीने जप्त केल्या. विषप्रयोगाचा तपास गुप्तपणे चालू होता."

"आणि चौथ्या बरणीतली?"

"तिच्यात हात जाईना," दाजी खालच्या आवाजात म्हणाले.

मग बाईंनी पिशवीतला ॲप्रन काढून परत खुंटीला लावला. "चुकलंच माझं. तुझं ऐकून न घेताच बोलले. उद्या वेळेवर ये, नवी पाकिटं फोडायची आहेत." परीक्षकेने डोळे पुसले आणि ते बिस्किट संपवून टाकलं. मग बाई मेहुण्याकडे वळल्या. "आणि तुम्ही नव्या बरण्या आणा. सगळ्या अरुंद तोंडाच्या. यांचा हात जाता कामा नये."

"माप?" दुकानदाराने विचारलं. माप मेहुण्याने सोबतच आणलं होतं. दाजी एकेका बरणीत हात घालून पाहत होते. हात अलगद गेला की बरणी नापास. अशा बऱ्याच नापास झाल्या. मग एक छोटी बरणी दिसली. हात तिच्यात जाईना, तेव्हा दाजींनी जोर लावला. हात आत गेला आणि तिथेच राहिला.

मेहुण्याने ओढलं, दुकानदाराने ओढलं, तेलही लावून झालं. हात काही निघेना. दाजींनी अडकलेला हात बरणीसकट उलटसुलट करून पाहिला. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

"बघितलंस ना?" बरणी उंच धरून ते मेहुण्याला म्हणाले. "शेवटी गुन्हेगाराला पकडलं कोणी? मीच!"