भर दुपारचा हेजहॉग

भर दुपारी हेजहॉग अंगणातल्या फरशीवर येऊन बसला, तेव्हा सूनबाईच्या हातातला चमचा बाळाच्या तोंडापर्यंत पोचलाच नाही. हा काट्यांचा चेंडू म्हणजे रात्रीचा जीव. दिवसा दिसला तर समजायचं, त्याचं काहीतरी बिनसलंय. आणि त्याचं बिनसलं तर आसपासच्या माणसांचंही खरं नाही. आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळेत तिचं कामच ते. हेजहॉग किडे-गांडुळं खातो, मातीतलं विष त्याच्या काट्यांत उतरतं. चारदोन काटे कातरायचे आणि तपासायचे.

हा मात्र पळेना, अंग गुंडाळेना. घराभोवती हळूहळू फेरी मारायचा आणि बाळाच्या खिडकीखाली येऊन थांबायचा.

"रुसलेल्या जावयासारखा बसलाय," सासूबाई म्हणाल्या.

सूनबाईने काटे नेले. आकडा पाहून मशीनवाला म्हणाला, मशीन बिघडलं. पुन्हा तोच आकडा आला, तेव्हा म्हणाला, हेजहॉग बिघडलाय. तिसऱ्यांदा त्याने आवाज खाली आणून विचारलं, "हा कुठल्या कारखान्याजवळचा?"

"माझ्या घरचा."

काट्यांत शिसं होतं, तेही पोत्याने.

दुसऱ्या दिवशी पांढरे डगले आणि मास्क घातलेली खात्याची मंडळी दारात उभी राहिली. शेजारच्या काकूंनी गल्लीभर खिडक्या लावून घ्यायला सांगितल्या आणि स्वतःची उघडून बसल्या. सूनबाईच्या साहेबांच्या हातात पिस्तुलासारखं यंत्र होतं. शिसं असेल तिथे ते कुरकुरायचं. फाटकापाशी ते गप्प. फुलझाडांत गप्प. कोपऱ्यात, हेजहॉगच्या पाल्याच्या घरट्यापाशी, कुरकुरलं. तिथे निळ्या रंगाचे कपचे पडले होते. मग ते पायरीवर कुरकुरलं, बोळात कुरकुरलं, बाळाच्या खोलीत शिरलं. पाळण्यापाशी ते किंचाळलं.

तो जुना निळा पाळणा सूनबाईनेच माळ्यावरून काढला होता. जुन्या रंगांत शिसं असायचंच. बाळाला अंगावर झोपायची सवय लागू नये, असं पुस्तकात लिहिलं होतं ना! रंगाचे पोपडे तिनेच त्या कोपऱ्यात बसून खरवडले होते. नवा रंग द्यायचा राहिला तो राहिलाच. आणि बाळ तर हाताला लागेल ते चावायचं. रोज दुपारी शेजारच्या खोलीतून येणारी पाळण्याची कर्र कर्र आता तिच्या कानांतून जाईना.

बाळाचं रक्त तपासलं. स्वच्छ. असं होणारच नाही, म्हणून साहेबांनी पुन्हा काढवलं. पुन्हा स्वच्छ. तिसऱ्यांदा सुई निघाली, तशा सासूबाई मध्ये आल्या.

"पुरे आता. पोरगी पाळण्यात निजलीच नाही कधी. माझ्या पोटावर निजायची."

"आणि ती कर्र कर्र?"

"मी पायाने रिकामाच हलवायचे. तुला बरं वाटायचं."

रागवावं की पाया पडावं, हे सूनबाईला ठरवता येईना, म्हणून ती रडली.

पाळणा गेला, कोपऱ्यातली माती गेली, हेजहॉग जनावरांच्या डॉक्टरकडे गेला. संध्याकाळी सूनबाई सतरंजीवर आडवी झाली आणि बाळाला पोटावर घेतलं. बाळाने थोडा वेळ सोसलं, इकडून तिकडे कूस बदलून पाहिली, मग ओठ काढून आजीकडे हात पसरले.

"तुझी हाडं टोचतात तिला," सासूबाई बाळाला उचलत म्हणाल्या. "आधी चार घास जेव. मग घे पोटावर."